गेटसमोरचं अभिनंदन

सम्मेदचा सुपरवायझरचा इंटरव्ह्यू सोमवारी, आणि जोतीरामनं अभिनंदनाचा फ्लेक्स लावला रविवारीच! तोही गल्लीत नाही. कराडबाहेर हायवेला, बरोब्बर कंपनीच्या मेन गेटसमोर.

सोमवारी सकाळी सम्मेद कंपनीच्या बसमधून उतरला आणि जागच्या जागी थिजला. समोर घराएवढा सम्मेद उभा होता, डोळ्याला गॉगल. 'सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.' आणि वर, जिथं पुढाऱ्यांचे फोटो असतात ना, तिथं गोलागोलात कंपनीचे सगळे साहेब.

त्यानं तिथूनच मित्राला फोन लावला. "जोत्या, काय करून ठिवलंस ह्ये? इंटरव्ह्यू व्हायचाय माझा अजून!"

"मग काय झालं? निकालाच्या आधी गुलाल आणून ठेवत न्हाईत व्हय आपल्यात?"

"ग्रामपंचायत हाय का ही? आणि साहेबांचं फोटो कशाला रं?"

"वर लय मोकळं मोकळं दिसत हुतं गड्या. वेबसाइटवरनं घेतलं. भारी आल्यात का न्हाई?"

सम्मेदनं फोन ठेवला. याआधी दोनदा त्याला डावललं होतं. आता हुकलं की जन्मभर मशीनवरच. तो फ्लेक्सची दोरी सोडायला धावला, तर वॉचमन दादासो आडवा आला. कालपर्यंत हाच 'ए सम्म्या' म्हणून हाक मारायचा.

"आवं साहेब, हात लावू नका! वरच्यांचं फोटो हाईत त्येच्यावर," म्हणाला आणि खाडकन सलाम ठोकला.

आत तर कमालच. सम्मेदच्या खात्याच्या राजस सरांनी त्या जागेसाठी दुसराच माणूस ठरवला होता. पण फ्लेक्सवर त्यांनी मोठ्या साहेबांचा फोटो पाहिला आणि गपगुमान सम्मेदचा हात हातात घेतला. "अभिनंदन. मला आधीपासून वाटतच होतं." एचआरच्या भार्गवी मॅडमनी राजस सरांना हात मिळवताना पाहिलं. त्यांना वाटलं, सरांनीच फायनल केलं. मोठ्या साहेबांना वाटलं, हे हेड ऑफिसचं काम. त्यांनी हळूच हेड ऑफिसला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "बोर्ड लागलाय म्हणजे तुमच्याकडूनच झालं असणार ना?"

काय कंपनी राव! बघतच राहावं. एक पाना स्टोअरमधून काढायला तीन सह्या लागतात इथं. आणि एक अख्खा माणूस सुपरवायझर झाला, तो कुणी केला हे कुणालाच माहीत नाही. विचारायची तर एकाचीही छाती नाही.

इंटरव्ह्यूला सम्मेदनं सगळं ओकून टाकायचं ठरवलं. "सर, ते फ्लेक्सचं... निवड अजून झालेली न्हाई. मित्रानं आगाऊपणा..."

"बघा मॅडम," मोठे साहेब भारावून म्हणाले, "एवढी वरून निवड होऊनही माणूस किती नम्र! बसा सुपरवायझर, चहा घ्या."

संध्याकाळी पत्र हातात. सम्मेदनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. सह्या खऱ्या होत्या, सगळ्यांच्या.

आठवड्यानं गेटसमोर दुसरा फ्लेक्स लागला. त्याच सुमारास मोठ्या साहेबांनी कामगारांची चहाची सुट्टी बंद केली होती. साहेब एकदाचे इथून हलावेत म्हणून कामगारांनी वर्गणी काढून थेट जोतीरामला गाठलं होतं. फ्लेक्सवर फेटा घातलेले मोठे साहेब, आणि खाली : 'हेड ऑफिसला बढती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

साहेबांची गाडी फ्लेक्ससमोर थांबली. सगळी शिफ्ट गेटाआड श्वास रोखून उभी. सम्मेदनं मनात हिशेब मांडला. आता जोत्याचं नाव निघणार, मग आपलं, मग पत्र परत.

साहेब उतरले. फ्लेक्स वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून रुमालानं डोळे टिपले.

"बघा सम्मेद," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एवढं ठरलं, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

आणि दादासोनं पुढं केलेल्या हारासाठी त्यांनी मान वाकवली.