मान पाहून पाहिलेला चित्रपट

सत्य कधीही लपून राहत नाही. फक्त ते अडीच तास दाखवलं की कुणाला सापडत नाही.

आमच्या कास्तेल्वेरे गावचे खासदार लिबोरियो स्त्राफाचे यांच्या भ्रष्टाचारावर रोमच्या एका दिग्दर्शकाने चित्रपट काढला. त्याचा पहिला खेळ चर्चच्या सभागृहात, साहेबांच्याच अध्यक्षतेखाली झाला. (फुलांचा खर्च साहेबांनी स्वतः, म्हणजे नगरपालिकेतून केला.)

चित्रपट गहन होता. सुरुवात शेवटापासून, मध्य दोनदा, नायक बहुतेक पाठमोरा. तो लाच घेऊ लागला की कॅमेरा खिडकीतल्या कबुतराकडे वळे. रोमच्या समीक्षकांना त्यात आत्म्याचा एकांत दिसला. आम्हाला कबुतर दिसलं.

तेही थोडंच. कारण सगळं गाव पहिल्या रांगेतली साहेबांची मान पाहत होतं. मान हलली की हसायचं, ताठरली की खोकायचं. चित्रपट समजून घेण्याची ही आमच्याकडची शास्त्रशुद्ध पद्धत.

माझ्या शेजारी बेकरीवाली नुन्झियाता, पलीकडे तिचा मुलगा रोक्को. पस्तिशी आली तरी आईच्याच भट्टीवर. त्याला वनरक्षक व्हायचं होतं आणि साहेबांनी शब्द टाकल्याशिवाय ते होणार नव्हतं. (गावात वनरक्षक एकशे चाळीस, झाडं अकरा. एकाही झाडाला एकटं वाटत नाही.)

पडद्यावर टेबलाखालून पाकीट सरकलं. कबुतर उडालं. नुन्झियाता माझ्या कानाशी लागली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची कुजबुज मागच्या भिंतीला जाऊन थडकली.

"एवढं गोल गोल काय फिरवतोय मेला? पैसे खातो, एवढंच ना?"

"आई, गप गं," रोक्को म्हणाला. "गेलं माझं जंगल."

मान वळली. अख्खं सभागृह खोकलं.

"कोण पैसे खातो, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"तो, पडद्यावरचा. एकटाच खातो, मेल्याला लाज नाही. तुमचं तसं आहे का साहेब? तुम्ही चार घरांत देऊन खाता."

रोक्कोने डोळे मिटून घेतले. मग साहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो.

"माझ्या वकिलाला इतकं नीट कधी मांडता आलं नाही," ते म्हणाले.

सोमवारी रोक्को वनरक्षक झाला.

आता वाचकहो, खरं सांगा. मान वळली तेव्हा तुम्हाला धास्ती वाटली, ती न्यायाच्या काळजीने, की पोराची नोकरी जाते म्हणून? लाजू नका. या, बसा, आम्ही जरा सरकून घेतो. इथून मान छान दिसते.