प्रत्यक्ष कोंबडी

"चित्र चालणार नाही!" असं म्हणत नृसिंह सरांनी मैत्रेयीचा पाठ नापास केला आणि दोन दिवस खपून रंगवलेली कोंबडी टराटरा फाडली. नगरहून अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या या आदिवासी वाडीवर ती शिकाऊ शिक्षिका म्हणून आली होती, आणि सर तिच्या कॉलेजचे परीक्षक.

"खेड्यात राहून कागदी कोंबडी दाखवता? प्रत्यक्ष वस्तू आणा. सोमवारी पुन्हा येतो. तेव्हाही साधन नसलं तर वर्ष गेलं समजा."

"मी काय नगरहून खुराडं घेऊन आलेय?" सर गेल्यावर मैत्रेयी धुसफुसली. तिच्या घरात अंड्यालासुद्धा कुणी शिवत नसे. तरी मुकाट्याने ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांगुणामावशींकडे गेली.

"मावशी, सोमवारी सर येणारेत. त्यांच्यासाठी एक कोंबडी मिळेल का? चांगली धष्टपुष्ट हवी."

मावशींचा चेहरा फुलला. "मिळंल की! मागल्या टायमाला सर नुसती खिचडी खाऊन गेलं, माज्या जिवाला लई लागलं हुतं. तुमी बिनघोर ऱ्हावा, बाई."

मैत्रेयी खरंच बिनघोर राहिली. तिथेच घोटाळा झाला.

सोमवारी ती सरांना घ्यायला फाट्यावर जाऊन उभी राहिली. एक जीप गेली, दुसरी गेली, सरांचा पत्ता नाही. सर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून खालच्या वाटेने कधीच शाळेत पोचले होते. चरफडत ती परतली, तर सर व्हरांड्यात चूळ भरत होते.

"या! परीक्षक जेवून उठला, तेव्हा तुम्ही उगवताय! घ्या पाठ. कोंबडी कुठाय?"

"आहे ना, सर. मावशी, आणा."

"आता कुठनं आनू?" मावशी गडबडल्या. "तळाला वाईच रस्सा ऱ्हायलाय."

मैत्रेयीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो मावशी, ती शिकवायला हवी होती!"

"कोंबडीला काय शिकवनार?" आता मावशीही तडकल्या. "पाव्हन्यासाठी कोंबडी मागितली की आमच्यात चुलीवर पातेलं चढतं. पाव्हन्याला नुसती दावून कोन म्हागारी न्हेतं? आमची अब्रू हाय का न्हाई?"

"मला सबबी नकोत," सर गुरगुरले. "साधन नाही, तर पाठ नाही."

"पाठ होणार!" मैत्रेयी तरातरा वर्गात शिरली. मागोमाग सर येऊन खुर्चीत बसले. "मुलांनो, चांगुणामावशींची कोंबडी पाहिलीत ना?"

"व्हय, बाई!"

"आता ती कुठे आहे?"

सगळ्या वर्गाने सरांकडे बोट केलं. पुढच्या ओळीतली रेश्मा तर उभीच राहिली. "त्यांच्या पोटात हाय, बाई! दोनी तंगड्या त्यांनीच खाल्ल्या."

सरांचा चेहरा पडला.

"सर, साधन तुमच्याकडेच आहे," मैत्रेयी कडाडली. "आता तुम्हीच दाखवा मुलांना! वर्ष माझं जायचंय आणि जेवलात तुम्ही!"

"बरं बरं, आवाज नको. पाठ पास." सरांनी रुमालाने मिशी पुसली. "ते... चित्र होतं ना तुमचं?"

"तुम्हीच फाडलंत."

सर नाइलाजाने उठले, खडू घेतला आणि फळ्यावर कोंबडी काढू लागले. चोच झाली, तुरा झाला, शेपूट झालं. मोठ्या समाधानाने ते मागे सरकले, तोच रेश्मा ओरडली,

"सर, तंगड्या कुठंयत?"