नानांच्या खिशातला बोल्ट

नानांच्या उजव्या खिशात गंजलेला बोल्ट असतो आणि डाव्या खिशात लिंबू. लग्नालाही ते तसेच जातात. आमचे हे शेजारी जळगावच्या एका डाळमिलमध्ये जन्मभर फिटर होते, त्यामुळे बोल्टचं कोणाला नवल नाही. लिंबाला घाबरतात ते फक्त टाय लावून ‘अँटिऑक्सिडंट’ विकणारे.

हे लोक शुगरवाल्यांना बरोबर गाठतात. साखरेनं काळीज आतून गंजतं, आमचा जांभळा रस तो गंज काढतो, गोळ्यांची गरजच नाही, असं बिनदिक्कत सांगतात. माझं तर डोकंच फिरतं. पण मी घरी बसून चडफडतो. नाना तिथे जातात.

परवा कॉलनीच्या हॉलमध्ये असाच एक आला होता. त्यानं गंजका खिळा रसात बुडवून चकचकीत करून दाखवला. टाळ्या पडल्या. नाना उठले, टेबलावरच्या पेल्यात लिंबू पिळलं आणि बोल्ट टाकला.

“लिंबू बी गंज काढस, भाऊ. मंग लिंबू पिसन गोयी बंद करानी का?”

“आजोबा, हे विज्ञान आहे.”

“तुन्हं इज्ञान बठ्ठं उंदीरवर शे. डॉक्टरले इचारी उनू मी. मानूसवर सिद्ध व्हयेल शे का, तितलं सांग.”

तो टेबलावर विक्रीच्या बाटल्या मांडायला लागला. नानांनी हात फिरवून बाटल्या खाली पाडल्या. आणि हॉलवाल्यांनी बाहेर कोणाला काढलं, तर नानांना. मीही तणतणत त्यांच्याबरोबर निघालो.

त्यांच्या घरी पाणी प्यायला बसलो, तर त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या, हार घातलेल्या फोटोशेजारी तीच जांभळी बाटली. अर्धी भरलेली.

“नाना, हे तुमच्या घरात?” माझा आवाज चढला.

“मीच लयेल व्हती.”

आणताना त्यांनी रसात असाच एक गंजका बोल्ट टाकून पाहिला होता. बोल्ट लख्ख निघाला. जन्मभर गंज काढलेल्या माणसाला आणखी काय पुरावा हवा? शुगर असलेल्या अक्कांनी नवऱ्याच्या शब्दावर गोळ्या सोडल्या. हृदय खचत गेलं, पण शुगरनं नसा बधिर झाल्यामुळे छातीत दुखलंसुद्धा नाही. भरताची वांगी भाजताना ‘दम लागस’ म्हणून त्या खाली बसल्या, त्या परत उठल्याच नाहीत.

“मग फेका ना ती आता.”

नाना रुमालानं बाटलीवरची धूळ पुसत होते. राग कुठे गेला होता कोण जाणे.

“आर्धी तिनी मन्हासाठे ठेयेल शे. म्हने, मिलनी धूयमा तुम्हनं कायीज बी गंजेल व्हई.”