मोठ्यांनी खाली बसायचं

अक्कांच्या खोलीत खुर्ची एकच, आणि ती पोरासाठी. मोठ्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. अक्का स्वतःही खालीच, मांडी घालून. डॉक्टर पार्वती पट्टणशेट्टी ही दारावरची पाटी. शिक्षण मानसशास्त्राचं, पण बोलणं थेट गडहिंग्लजच्या बाजारातलं. मी तालमीत वाढलेला गडी, पायाची घडी होता होईना. "पोरगी रोज मान वर करून तुमच्याकडं बघती," अक्का म्हणाल्या. "आज वाईच तुम्हीबी बघा."

पोरगी म्हणजे माझी पुतणी स्वरा, तिसरीतली. वहिनी गेली आणि हिनं बोलणंच सोडलं. आम्ही कोल्हापूरची माणसं प्रेमसुद्धा ओरडून करणार. उचगावच्या घरात सगळे तिच्या मागं, "बोल की गं! आइस्क्रीम आणू? बोल की!" आईचा विषय मात्र बंद. पोरीला त्रास नको म्हणून वहिनीचा फोटोही भिंतीवरनं काढलेला.

पहिल्या दिवशी अक्कांनी तिला नावसुद्धा विचारलं नाही. मला राहवेना. "सांग की नाव!" म्हणून मी गरजलो.

"दमानं, पावणं. घाई तिला हाय का तुम्हाला?"

हे अक्कांचं ठरलेलं वाक्य. मला असला राग आला! गप्पच बसायचं तर राजारामपुरीपर्यंत कशाला यायचं, घरी काय जागा नव्हती?

पुढच्या खेपेला त्यांनी दादाला, म्हणजे स्वराच्या बापालाही बोलावलं. दादा शिरोलीच्या फौंड्रीत, भट्टीपुढं उभा राहणारा माणूस. अक्कांनी त्याला विचारलं, "मालकीण तांबडा रस्सा कसा करायच्या?"

घ्या! पोरगी मुकी झालीया आणि ह्या बाई रस्सा विचारत्यात! पण दादा अडखळत सांगायला लागला. कांदा भाजायची, खोबरं भाजायची, मग लाल तिखटाची चटणी, मग पाणी.

"पाणी कुठलं? आधी मटण," मी म्हणालो.

"बायको माझी हाय का तुझी?"

आमची चांगलीच जुंपली. तेवढ्यात खुर्चीतनं आवाज आला, "तसं न्हाय."

आम्ही दोघं जागच्या जागी गार.

"आई चटणी गॅस बंद करून घालायची. करपती म्हणून. आणि ठसका लागला की पप्पांना शिव्या द्यायची."

दादा हसायला लागला आणि हसता हसता हुंदके देऊन रडला. अक्का हलल्यासुद्धा नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बरं. मग?" आणि स्वरा सांगतच सुटली. अरे, पोरीला एक प्रश्न न विचारता ह्या बाईनं आमचं अख्खं घर बोलतं केलं! त्याच संध्याकाळी वहिनीचा फोटो परत भिंतीवर लागला.

आता स्वराची बडबड थांबता थांबत नाही. परवा तिनं अक्कांनाच विचारलं, "तुमची आई कसा करायची रस्सा?"

"आमच्यात मटण न्हाय गं."

"मग काय करायची?"

"ठाऊक न्हाय. ती गेली तवा मी तुझ्यापेक्षा बारकी होते. घरात परत कुणी तिचं नावच काढलं न्हाय. आता सांगणारं कुणी उरलं न्हाय."

मी सवयीनं समजूत घालायला तोंड उघडलं.

"काका, गप्प," स्वरा म्हणाली आणि खुर्चीतनं उतरून खाली अक्कांना चिकटून बसली. अक्कांनी भरून आलेले डोळेसुद्धा पुसले नाहीत.