ढोले सरांचा कडू घास

आजी वारली म्हणून कोणी परीक्षा पुढे ढकलून मागितली, की आमचे ढोले सर अर्ज वाचत नाहीत. पिठलं हाटतात.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा प्राध्यापक. प्रॅक्टिकलला वेगळी तारीख द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी कडू घास नेतात, ही आपली रीत. सरांनी ती थेट विभागात आणली. "कडू घास न्या लागते बाप्पा, कागदाले काय विचारून राह्यले?" मग डब्यात सरांचं भाकरी-पिठलं आणि खाली माझी मोटरसायकल. सर एकटेच राहतात, स्वयंपाकही स्वतःच करतात.

एकदा असाच एका पोराच्या घरी सेलूला गेलो, तर स्वर्गवासी आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"कोन गेलं जी?" डबा पाहून तिनं घाबरून विचारलं.

"तुम्ही," सर हात जोडून म्हणाले.

नातू गोठ्यामागे पळाला. आजीनं मात्र आम्हाला बसवलं आणि स्वतःचा कडू घास चवीनं खाल्ला. "मीठ कमी हाय," एवढीच तक्रार. दुसऱ्या दिवशी तीच नातवाचा कान धरून त्याला प्रॅक्टिकलला सोडून गेली. सर आठवडाभर खुशीत. मला वाटलं, चोर पकडल्याचा आनंद.

यंदा आंजी गावच्या वैशालीनं आई गेली म्हणून तारीख मागितली. प्रॅक्टिकल बुडालं तर तिचं वर्ष जाणार होतं.

"सर, मंडळी आजीवरून आईवर आली," मी म्हटलं. सर हसले नाहीत. पिठल्यात मीठ मात्र दोनदा चाखून घातलं.

आंजीत ओट्यावर माणसं गप्प बसली होती. आत कोपऱ्यात पिठावर दिवा जळत होता. मला माझ्याच जिभेची लाज वाटली. सरांनी भाकरी कुस्करली आणि पहिला घास वैशालीच्या हातावर ठेवला.

"खाय वं माय. प्रॅक्टिकल तू म्हनशीन तवा घेऊ. लॅब मी उघडून देतो."

घास तोंडात घेऊन ती हमसून रडली.

परतताना रिकामा डबा मांडीवर धरून सर मागे बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पोरगी खरी निघाली, सर."

"तेच तं वाईट झालं ना." मागून आवाज आला, "डबा भरतो तवा मी देवाले एकच मागतो. पोट्टं लबाड निघू दे."