सासूची वाटणी

घटस्फोट झाला तेव्हा वाटणी अगदी समजुतीने झाली. नवऱ्याने गाडी घेतली, सोफा घेतला, टीव्ही घेतला. सुनेच्या वाट्याला फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं आणि सासू आली. म्हणजे सासूला कोणी दिलं-घेतलं नाही. "माझं कपाट जिन्यातून उतरत नाही, मग मी कशाला उतरू?" असं म्हणून ती राहिली ती राहिलीच. दोघींचं आधी कधी पटलं नव्हतं. मधला माणूस निघून गेला आणि पटायला लागलं.

तीन वर्षांनी एका रविवारी सकाळी मुलगा नव्या बायकोला घेऊन आईला न्यायला आला.

"लोक हसतात मला," तो दारातच उभा राहून म्हणाला. "स्वतःचा मुलगा जिवंत असताना आई राहते कुठे, तर सोडलेल्या बायकोकडे! हे काय घर झालं?"

सुनेला रडू येत होतं, पण ह्या माणसासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं. उद्या कोणी 'हिने अडवलं' म्हणायला नको, म्हणून तिने सासूची बॅग स्वतः उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली. सासू बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. जाताना तरी घड्या घालून जाते, म्हणाली होती.

तेवढ्यात वारा आला. बाल्कनीचं दार दणकन लागलं आणि त्याची आतली सैल कडी आपली आपणच अडकली. पाठोपाठ पुढच्या दाराचं लॅचही लागलं. सासू बाल्कनीत, बाकीचे जिन्यात आणि घरात फक्त गॅसवर ठेवलेलं दूध.

"चावी?" मुलाने विचारलं.

"एक माझी, एक आईंची. दोन्ही आत, खुंटीला. तिसरी आईंनी मागेच हरवली."

नवी बायको पर्सचा पट्टा पिळत उभी होती.

कोपऱ्यावरचा चावीवाला आला, पण पिशवी न उघडता पायरीवर बसला. "आधी सांगा, घरचं कोण? मागे एकाला त्याचं घर म्हणून दार उघडून दिलं. ते निघालं त्याच्या साडूचं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही."

"मी घरची," सून म्हणाली. "आत माझी सासू अडकलीये."

"मग हे तुमचे मिस्टर?"

"होते."

"आणि ह्या?"

"त्यांची बायको."

"म्हणजे आजींच्या सूनबाई ह्या. मग तुम्ही कोण?"

तीन वर्षं सासूच्या गोळ्या, चष्मा, गुडघे सगळं सुनेने सांभाळलं, पण ह्या नात्याला म्हणायचं काय, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"अहो, मी सख्खा मुलगा आहे!" मुलगा पुढे झाला.

"इथे राहता?"

"नाही."

"मग तुम्ही पाहुणे," चावीवाल्याने निकाल दिला.

शेवटी आजींनाच विचारायचं ठरलं. सगळी वरात खाली उतरून बाल्कनीखाली उभी राहिली.

"आजी, ह्या कोण तुमच्या?"

"सून!"

"आणि ह्या?"

"तीपण सून!"

"मग हे साहेब?"

"तो होय? तो दोघींचा नवरा!"

समोरच्या बाल्कन्यांमधून माणसं डोकावू लागली. चावीवाल्याने पिशवी खांद्याला लावली. "माफ करा, असल्या घरात मी पडत नाही."

"अगं, दूध करपलं!" सासू वरून ओरडली. "खिडकीतून धूर येतोय गं!"

सून जिन्याकडे धावली. नवी बायको तिला मागे टाकून वर पोचली, पर्समधून चावी काढली आणि दार उघडलं. गॅस बंद झाला, बाल्कनीची कडी निघाली, सासू कपड्यांचा ढीग घेऊन आत आली.

"तुझ्याकडे? ह्या घराची चावी?" मुलाने धापा टाकत विचारलं.

"आईंनी दिलीये," नवी बायको खाली बघत म्हणाली. "बुधवारी मला सुटी असते. ह्या कामावर गेल्या की आम्ही दुपारी पत्ते खेळतो."

"म्हणून दर बुधवारी बिस्किटांचा डबा रिकामा!" सून कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि मी आईंची साखर तपासून आणली, दोनदा!"

"निघाली का जास्त?" सासू म्हणाली.

"बरंच झालं की मग," मुलाने बॅग उचलली. "आता आपल्या घरी रोज खेळा."

नवऱ्याच्या हातातल्या बॅगेचा दुसरा बंद नव्या बायकोने धरला. "आईंना इथून नेलं तर बुधवारी मी कुठे जाऊ?"

"कुठे म्हणजे? घरीच असशील!"

"तिथे तू असतोस."

मघापासून दाबून ठेवलेलं रडू सुनेला आत्ता फुटलं, तेही हसता हसता. सासूने बॅग दोघांच्या हातातून सोडवून घेतली, आपल्या कपाटासमोर ठेवली आणि दुधाचं भांडं घासायला घेतलं.

चावीवालाही सगळ्यांमागून वर येऊन दारात उभा होता. "मग आता साहेबांसाठी पण एक चावी करून देऊ का?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"त्याला कशाला?" सासू म्हणाली. "बेल आहे की."