उलट्या सुकाणूची बोट

"वाजिदभाई, रविवारी ही पाण्यात पाहिजे," दयानंद सर म्हणाले आणि त्यांनी गॅरेजसमोर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीकडे हात केला.

ट्रॉलीत ऊस नव्हता. फायबरची एक जुनी मोटारबोट होती. वाजिदनं आजवर जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, झालंच तर एका आमदाराची गाडीसुद्धा खोलून परत जोडली होती. बोट मात्र त्यानं फक्त कॅलेंडरवर पाहिलेली.

किल्लारीच्या भूकंपानंतर चहूकडून मदतीचे ट्रक आले, त्यात धान्य आणि घोंगड्यांच्या मागोमाग कुठल्याशा भल्या माणसांनी ही बोटही पाठवून दिली होती. ती ज्या गावाला मिळाली तिथं म्हैस डुंबेल एवढंही पाणी नव्हतं. परत कुणाला करायची हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग इतकी वर्षं ती तिथल्या ट्रॅक्टरवाल्या व्यंकटच्या गोठ्यामागे कडबा सांभाळत बसली. खाली सुकाणूची दोन पाती होती, त्यांच्यामुळे बोट जमिनीला नीट टेकेना, म्हणून ती काढून टाकली. एका पात्यानं शेतात पाटाचं पाणी अडवलं आणि दुसऱ्यावर व्यंकटची आई तुळजाबाई धुणं आपटू लागली.

आता ती दोन्ही पाती, एक चिखलाचं आणि एक साबणाचं, वाजिदच्या पायाशी पडली होती.

"पण सर, ह्याचं करायचं काय?"

"मिरवणूक!" सर म्हणाले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि निकाल लागला की सरांपेक्षा बँडवाल्यांना जास्त मागणी यायची. सिद्धराम सरांनी गेल्या वर्षी आपली पोरं हत्तीवरून फिरवली होती. त्या हत्तीनं दयानंद सरांची झोप उडवली होती. यंदा त्यांच्या क्लासची अर्शी दहावीच्या गुणवत्ता यादीत आली, आणि ही अर्शी वाजिदची मुलगी. "तळ्यावर मंडप घालतोय. मी आणि अर्शी बोटीतून झोकात वळण घेऊन मंडपासमोर येणार. बोट नीट वळली तर चौकातल्या मोठ्या बोर्डावर मधोमध अर्शीचा फोटो. एवढा मोठा!" सरांनी दोन्ही हात फाकले.

"आन न्हाई वळली तर?"

"तर कोपऱ्यात. पोस्टाच्या तिकिटाएवढा."

आता वाजिदला नाही म्हणता येईना. कारण त्याची आई बेगमबी हिनं चौकातल्या बोर्डाची बातमी मोहल्ल्यात आधीच वाटून टाकली होती. तिला वाचता येत नव्हतं. "पण नातीचं तोंड तर वळखता येतंय ना!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. आता तिकिटाएवढा फोटो तिला दाखवायचा कुठल्या तोंडानं?

वाजिद कामाला लागला. इंजिन डिझेलचं, म्हणजे घरचंच. ते त्यानं लवकरच बोलतं केलं. खरी भीती तळाच्या दोन भोकांची होती. त्यातून पात्यांचे दांडे आत येणार आणि दांड्याबरोबर पाणीही येणार. त्यानं पाणी गळू नये म्हणून पंपाला घालतात ती ग्लँडदोरी ग्रीसमध्ये बुडवून भोकांत ठासली, नट आवळले, पुन्हा ढिले केले, पुन्हा आवळले. जेवताना तो भाकरीचा तुकडा बोटांनी दाबून पाहू लागला तेव्हा बेगमबीनं विचारलं, "काय झालं रे? कच्ची हाय का?"

शेवटी शनिवारी पाती बसली. आत दांड्यांना आडवे लोखंडी हात, हातांना जोडणारा रॉड आणि तिथून स्टेअरिंग. आणि वाजिदनं हे सगळं पहिल्या झटक्यात अगदी बरोबर बसवलं होतं. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी उरणार नाही.

तेवढ्यात बोट तळ्यावर न्यायला व्यंकट ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. पाती डावीकडे गेली. त्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि मान हलवली.

"मिस्त्री, ही पाती म्होरं हायती का मागं?"

"मागं."

"मंग उलटं झालं की हे. मी ट्रॉली मागं घेताना तिला डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग कुठं फिरवतो?"

"उजवीकडं."

"मागच्याचं गणित उलटंच असतंय. बोटीचं बूड डावीकडं गेलं की तोंड उजवीकडं जाणार, बघा."

व्यंकट कारखान्याच्या गर्दीत दोन ट्रॉल्या एकदम मागे घेणारा गडी. त्याचा शब्द मोडायचा कसा? वाजिदनं डोकं खाजवलं, बोटीभोवती चकरा मारल्या, आणि सगळं खोलून दांड्यांवरचे हात उलट्या तोंडानं बसवले. आता स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की पाती उजवीकडे जाऊ लागली.

"आता कसं!" व्यंकट म्हणाला.

रविवारी बोट पाण्यात उतरली. पुढे सफारीतले दयानंद सर स्टेअरिंगवर, शेजारी हार घातलेली अर्शी, आणि मागे भोकांवर डोळे लावून उकिडवा बसलेला वाजिद. डावीकडे थोड्या अंतरावर सिद्धराम सरांचाही मंडप पडला होता, कारण तळ्याची बातमी त्यांनाही लागली होती. काठावर दोन्हीकडचे बँड, वर्तमानपत्राचा फोटोवाला आणि गर्दीपासून दूर, मोकळ्या काठावर, अर्शीची आई. वाजिदला त्यातलं काही दिसत नव्हतं. भोकं कोरडी होती. एक थेंब नाही! त्याचा ऊर भरून आला.

"वाजिदभाई, ही तिकडं का चाललीय?"

वाजिदनं मान वर केली. सरांनी आपल्या मंडपाकडे, उजवीकडे, स्टेअरिंग फिरवलं होतं. बोट डावीकडे निघाली होती. सरांनी आणखी उजवीकडे फिरवलं. बोट आणखी डावीकडे वळली.

"सर, सोडा! उलटं फिरवा!"

"उलटं म्हणजे? मंडप उजवीकडं आहे!"

सर आयुष्यभर पोरांना बरोबर उत्तर पाठ करायला लावत आले होते, ते आता बदलणार थोडेच? ते स्टेअरिंगला लोंबकळले. झोकदार वळण घेत बोट सिद्धराम सरांच्या मंडपासमोर चिखलात घुसली. त्यांच्या बँडनं क्षणभर विचार केला आणि वाजवायला सुरुवात केली.

सिद्धराम सरांनी पुढे होऊन अर्शीच्या गळ्यात दुसरा हार घातला. "या, या! ही आमच्याच क्लासची!"

"तुमच्या?" दयानंद सर ओरडले. "तुमच्याकडं ती फुकटच्या लेक्चरला बसली फक्त!"

"म्हणून तर पाया पक्का झाला!"

दयानंद सर बोटीतून खाली उतरले आणि दोन्ही सर एकमेकांच्या अंगावर गेले. मग दयानंद सर वाजिदकडे वळले. "आणि तू! अर्शीचा फोटो रद्द! कोपऱ्यातसुद्धा नाही!"

वाजिदच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं वर्षभर मान मोडून अभ्यास केला आणि बापानं एका दुपारी तिचं हसं केलं. "चुकलं रे बाळा," तो पुटपुटला.

"अब्बा, धक्का द्या," अर्शी म्हणाली.

"आं?"

"उलटं फिरवलं की सरळ जातंय ना? मंग उलटं फिरवते. चला, अम्मी तिकडं वाट बघून राहिली."

तिनं दोन्ही हार काढून बाजूला ठेवले. वाजिदनं गुडघाभर चिखलात उतरून बोट लोटली आणि आत चढून मागे बसला. अर्शीनं स्टेअरिंग धरलं. बोट आधी जरा अडखळली, मग वळली, आणि दोन्ही मंडप मागे टाकून, अम्मी उभी होती त्या मोकळ्या काठाकडे निघाली. फोटोवाल्यानं तोच फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला आणि अख्खं लातूर एकच विचारू लागलं, ही बोट चालवणारी पोरगी कुणाची?

आठवडा व्हायच्या आत चौकात समोरासमोर दोन बोर्ड लागले. एक दयानंद सरांचा, एक सिद्धराम सरांचा. दोन्हींवर तोच फोटो आणि वर तीच अक्षरं: 'अर्शीला दिशा दिली आम्ही!' पेंटरनं दोन्हीकडे बोटीच्या मागच्या भागातला चिखलानं माखलेला माणूस पुसून टाकला होता आणि त्याच्या जागी आपापले सर हसत बसवले होते.

वाजिद बेगमबीला हाताला धरून चौकात घेऊन आला. नात घराएवढी मोठी दिसत होती. म्हातारीनं एक बोर्ड पाहिला, वळून दुसरा पाहिला, आणि तिला रडूच फुटलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "मागं हे दोन कोण बसलेत?"

"सर हायत, अम्मा. दिशा देऊन राहिलेत."

"आन तू रे? तू कुठं हायस?"

वाजिदनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला पोटभर हसू आलं.

"मी बोटीखाली हाय, अम्मा," तो म्हणाला. "पाणी येऊन राहिलं का ते बघतोय."